शिवेवरचं गवत

कुलपाची किल्ली कधीच हरवली.
कुणाकडे होती, तेही आता कुणाला आठवत नाही.
म्हणून अर्नेस्टीन गॅस्किन्स
दर दुसऱ्या शनिवारी
ओल्या गवतावर उशी टाकून बसते,
लोखंडी गजांतून कोपरापर्यंत हात घालते
आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीनं
दगडाभोवतीचं गवत कापते.
बाकीच्या अंगणात यंत्र फिरतं.
या दीड हात जागेत फक्त कात्री.

दगड गुडघ्याएवढा,
एका अंगानं झिजलेला,
चोखून परत ठेवलेल्या खडीसाखरेसारखा.
सतराशे ब्याण्णव.
वॉशिंग्टन तेव्हा नव्हतंच.
होती दलदल, ओकची झाडं,
आणि कागदावर टोकावर उभा केलेला एक चौकोन,
एकेक बाजू दहा मैलांची.
मैलामैलावर एक दगड.
काळ्या दगडावरची रेघ म्हणावी,
तर दगड निघाला वाळूचा,
नावेतून आणलेला, मऊ.
पावसानं अक्षरं एकेक करून वाचली
आणि वाचली ती नेली.

एका अंगाला मेरीलँड.
दुसऱ्या अंगाला संयुक्त संस्थानांची हद्द.
तिसऱ्यावर साल.
चौथ्यावर,
त्या दिवशी होकायंत्राची सुई
खऱ्या उत्तरेपासून किती ढळली होती, तो आकडा.
ही बाजू अर्नेस्टीनच्या आवडीची.
आपली चूक दगडावर कोरून ठेवणारं सरकार,
ती म्हणते,
मी तरी पुन्हा पाहिलं नाही.

पाचवी बाजू दगडाला नाही.
रेषेच्या अलीकडे वीस फूट, पलीकडे वीस फूट
जे झाडं पाडत गेले
त्यांची नावं कुठे कोरणार?
"त्यातला एखादा माझा असेल.
नसेलही.
कुऱ्हाडीला आडनाव नसतं."

रस्त्यापलीकडे बहीण राहते, व्हर्लीन.
तिला सिनेटर आहेत, दोन.
हिला एकही नाही.
एकाच आईच्या पोटच्या, एकाच चर्चमध्ये गाणाऱ्या,
कर दोघी भरतात.
निवडणुकीच्या सकाळी व्हर्लीन फोन करते,
"तुझ्या वतीनं कुणाला देऊ?"
अर्नेस्टीन सांगते.
व्हर्लीन ऐकत नाही.

ऑगस्टमधल्या एका रात्री
व्हर्लीनचा नवरा क्लीटस
कचऱ्याचा डबा ढकलता ढकलता
रस्त्याच्या मधोमध कोसळला.
डोकं मेरीलँडमध्ये, चपला राजधानीत.
फोनवरची मुलगी विचारत राहिली,
"कुठल्या बाजूला आहात? मॅडम, बाजू सांगा."
अर्नेस्टीननं दगडाकडे पाहिलं.
सव्वादोनशे वर्षांत कुणीतरी
पहिल्यांदाच त्याला त्याच्या कामाचं विचारत होतं.
तो गप्प.
"पोरी," ती म्हणाली, "तो जमिनीवर आहे."

दोन अँब्युलन्स आल्या. एकदमच.
लाल दिव्यांत कुंपणाची सावली
दोन्हीकडच्या घरांवर फिरत राहिली.
क्लीटस जगला.
अजून सांगतो सगळ्यांना,
दोन सरकारं भांडली माझ्यासाठी.

नदीपल्याडचे दगड तर निव्वळ बिनकामाचे.
तो तुकडा व्हर्जिनियानं केव्हाच परत घेतला,
दगड उचलायचे राहून गेले.
एक आहे रॉयल डॅबनीच्या गल्लीत,
दातांच्या डॉक्टरच्या पार्किंगला लागून.
त्याच्या दोन्ही बाजूंना आता व्हर्जिनियाच.
वऱ्हाड जेवून आपापल्या गावी गेलं,
हा अजून मांडवाच्या दारात
गुलाबदाणी धरून.
रॉयल येता-जाता त्याला टोपी काढून दाखवतो.
का, विचारलं तर म्हणतो,
कुणीतरी दाखवायला नको?

अलीकडचं गवत झालं कापून.
पलीकडचं हाताला लागत नाही.
अर्नेस्टीन गुडघ्यावर हात टेकत उठते,
उशी झटकते,
कुंपणाला वळसा घालून
दुसऱ्या राज्यात जाऊन बसते.
कोपरावर गजाचा गंज.
रस्त्यापलीकडच्या जाळीच्या दारातून
व्हर्लीनचा आवाज येतो:
"आमच्याकडचं जरा बारीक काप."